दारुकावनातल्या झाडांवरचे आकडे

मागच्या आठवड्यात आपल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. बऱ्याच जणांनी पाहिला असेल. गंगोत्रीच्या रस्त्यालगतचं देवदारचं जाडजूड झाड, छातीच्या उंचीवर साल तासलेली आणि त्या चट्ट्यावर रंगानं घातलेला आकडा. खाली पहिली कॉमेंट आली, "रस्ता मोठा झाला तर आपल्याच लोकांची सोय." दुसऱ्यानं लिहिलं, "तिकडच्या झाडांचं टेन्शन आपण कशाला घ्यायचं?" आणि तिसऱ्यानं जागेश्वरची जुनी भानगड उकरून काढली, "खरं दारुकावन आपलं औंढ्याचं. त्यांचं डुप्लिकेट. तोडू द्या की."

मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. ग्रुपवर चार ओळींत मावेना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी दारुकावनाचं बघू. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेशाचं ठिकाण दारुकावन असं सांगितलंय, आणि ते नेमकं कुठलं यावर तीन दावे आहेत. एक आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ, दुसरं द्वारकेजवळचं नागेश्वर आणि तिसरं उत्तराखंडात अल्मोड्याच्या पुढचं जागेश्वर. पुराणकथा म्हणते, दारुक राक्षसाचं वन ते दारुकावन. पण संस्कृतात दारु म्हणजे लाकूड. (इथं पोरं हसतात. दरवेळी हसतात.) देवदारु म्हणजे देवाचं लाकूड. जागेश्वरचे लोक म्हणतात, आमच्याकडे बघा, देवळाच्या चारही अंगांना देवदारच देवदार, आता दारुकावन अजून कसलं असतं? हा वाद मिटवायला मी बसलेलो नाही. शिवरात्रीला आपण लहानपणापासून औंढ्याच्या रांगेत उभे राहिलोय, माझ्यापुरतं ते ठरलेलं आहे. पण एक मात्र कबूल करावं लागतं. देवदार औंढ्याला नाही. आपल्याकडचं रान म्हणजे साग, धावडा, पळस, सालई. देवदारला थंडी लागते, हिवाळ्यात बर्फ लागतो.

देवदारच काय, उभ्या महाराष्ट्राच्या रानात आपोआप उगवणारं एकही सूचिपर्णी झाड नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आठवून कोणी म्हणेल, मग ते काय? तर ते सुरू दिसायला तसं, पण सूचिपर्णी नव्हे. झाड ऑस्ट्रेलियाकडचं, लावलेलं, आणि नाव मात्र फारसीतल्या सर्व या झाडाचं घेतलेलं. आपली गंमत एवढ्यावर थांबत नाही. वखारीत जाऊन 'देवदार' मागा, तो पॅकिंगच्या खोक्याची हलकी, पांढरट फळी काढून देतो. देवदारी खोकं म्हणजे फेकून द्यायचं खोकं. ते लाकूड बहुतेक वेळा पाइनचं किंवा तसल्याच कुठल्या मऊ झाडाचं असतं. खरा देवदार हिमालयातल्या सगळ्यात टिकाऊ आणि महागड्या लाकडांपैकी एक. त्याच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आपण ज्याला खोक्याचं लाकूड समजतो त्याच्या नावाचं मूळ झाड देवळाच्या खांबाचं आहे.

२०१९ साली मी जागेश्वरला गेलो होतो. काठगोदामला रेल्वे संपते, तिथून अल्मोडा, आणि पुढे आरतोला नावाच्या फाट्यावर मुख्य रस्ता सोडून गाडी खाली उतरते. फाट्यापासून देऊळ तीन किलोमीटर. ही तीन किलोमीटर मी विसरणार नाही. दुपारी बाराचं ऊन होतं आणि गाडीवाल्यानं दिवे लावले. दोन्ही बाजूंनी सरळसोट खोड, वर मान करून बघावं तर टोपी पडते. देवदार चाळीस-पन्नास मीटरपर्यंत सहज जातो. फांद्या आडव्या, थरावर थर, आणि टोकं किंचित खाली झुकलेली. पानं म्हणजे सुया, एका ठिकाणी वीस-तीस सुयांचा झुबका. पाइनची फळं जमिनीवर पडलेली आपण पाहतो, पिशवीत भरून आणतो. देवदारचं फळ मात्र फांदीवर लहान पिंपासारखं उभं बसतं आणि पिकलं की झाडावरच सुटं होऊन त्याच्या पाकळ्या नि पंखवाल्या बिया वाऱ्यावर जातात. त्यामुळे मी पिशवी घेऊन हिंडलो आणि रिकाम्या हातानं परतलो. वास मात्र कपड्यांना दोन दिवस होता. बाळंतिणीच्या देवदार्वादी काढ्यात देवदार का घालतात ते मला सांगता येणार नाही, पण त्या वासानं मला आजीची खोली आठवली.

खाली नदीकाठी दगडी देवळं, लहानमोठी मिळून सव्वाशेच्या आसपास, सातव्या शतकापासून पुढे बांधत गेलेली. देवळं पुरातत्त्व खात्याकडे आहेत. झाडांना तसलं कोणी नाही.

म्हणजे अगदीच नाही असं कसं म्हणू? कालिदासाच्या रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात एका देवदारचा राखणदार आहे, आणि तो सिंह आहे. दिलीप राजाला तो सांगतो, हे समोरचं झाड शंकरानं मुलगा मानलेलं आहे, पार्वतीनं स्वतः पाणी घालून वाढवलेलं. एकदा रानहत्तीनं अंग खाजवताना त्याची साल सोलली, तर पार्वतीला पोटच्या पोराला जखम झाल्यासारखं दुःख झालं. तेव्हापासून शंकरानं सिंहाला तिथं पहाऱ्यावर बसवलंय. काव्य आहे, मान्य. पण बघा, त्या काळातही देवदारची साल सोलली गेली ही गोष्ट सांगण्यासारखी वाटली होती.

लाकूड म्हणून माणसानं तो पूर्वीपासून वापरला, हेही तितकंच खरं. चंब्याजवळ भरमौरला लक्षणा देवीचं देऊळ आहे, सातव्या शतकातलं कोरीव लाकूडकाम अजून शाबूत. मनालीचं हिडिंबेचं देऊळ १५५३ चं. श्रीनगरच्या जामा मशिदीत पावणेचारशेच्या आसपास देवदारचे खांब उभे आहेत, एकेक खांब एकेक झाड. झेलमवरचे जुने पूल, दल सरोवरातल्या हाउसबोटी, सगळं देवदार. म्हणजे 'झाडाला हात लावू नका' असं पहाडी माणूस कधी म्हणाला नव्हता. तो गरजेपुरतं एक झाड घ्यायचा आणि ते पाच-सहाशे वर्षं टिकवायचा.

मग रेल्वे आली.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत घोकलं. रुळाखाली काय होतं हे कुणी विचारलं नाही. रुळाखाली लाकडी स्लीपर, आपल्याकडची जुनी माणसं म्हणायची ते सिलपाट. एक मैल रुळाला साधारण १७६० ते २००० सिलपाट लागायचे. सुरुवातीला काही तर युरोपातून जहाजानं आणले. नंतर लक्षात आलं की तेलपाणी न करता थेट रुळाखाली टिकतील अशी आपल्याकडची झाडं मुख्यतः तीनच: साग, साल आणि देवदार. १८६० मध्ये देशात १,३४९ किलोमीटर रूळ होते, १९१० मध्ये ५१,६५८. मधल्या पन्नास वर्षांत जंगलांचं काय झालं असेल, याचा अंदाज करा. १८६४ ला वनखातं निघालं, डिट्रिश ब्रँडिस हा जर्मन माणूस पहिला मुख्य अधिकारी. १८६५ ला कायदा, १८७८ ला त्याहून कडक कायदा. वनखात्याची स्थापना आपल्याला झाडं वाचवण्यासाठी झाली असं वाटतं. ब्रँडिस जंगल राखायलाच आला होता, खोटं नाही, पण कुणासाठी राखायचं हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर रुळाखाली होतं.

या गोष्टीतलं सगळ्यात रंगीत पात्र मात्र वनखात्याच्याही आधीचं. फ्रेडरिक विल्सन. यॉर्कशायरचा, कंपनीच्या फौजेतून पळून आलेला असं सांगतात. गंगोत्रीच्या अलीकडे भागीरथीच्या काठी हर्सिल नावाचं गाव आहे, तिथं हा जाऊन राहिला. आधी धंदा शिकारीचा. कस्तुरीमृग आणि मोनाल मारायचे, कस्तुरी नि पिसारे विकायचे. मुखबा गावची गुलाबी नावाची मुलगी त्यानं बायको केली. मग त्याची नजर वर गेली, झाडांकडे. टिहरीच्या राजाकडून त्यानं जंगलाचा मक्ता घेतला, वर्षाला ४०० रुपये. झाड पाडायचं, जागेवरच कापायचं, ओंडके उतारावरून भागीरथीत सोडायचे आणि खाली हरिद्वारला गोळा करायचे. गाडी नको, बैल नको, डिझेल तर नव्हतंच. गंगामाईच हमाल. पैसा इतका आला की या माणसानं स्वतःच्या नावाची नाणी पाडली आणि ती त्या मुलखात चालली. लोक त्याला हर्सिलचा राजा, पहाडी विल्सन म्हणायचे. हर्सिलला सफरचंद आणि राजमा त्यानंच आणला असं म्हणतात, त्यामुळे तिथली माणसं अजून त्याला एका तोंडानं शिव्या देतात आणि एका तोंडानं त्याच्या सफरचंदाचं कौतुक सांगतात. १८८३ ला तो गेला, मसुरीला पुरलाय. त्याचा देवदारचा प्रशस्त बंगला हर्सिलला उभा होता, तो १९९७ मध्ये जळला.

विल्सनची कमाई बघून सरकारचे डोळे उघडले. १८६५ च्या सुमाराला इंग्रज सरकारनं टिहरीच्या राजाकडून जंगलं वीस वर्षांसाठी घेतली, वर्षाला १०,००० रुपयांवर. चंबा, बशहर या हिमाचलातल्या संस्थानांशीही त्याच सुमारास असेच करार झाले. सतलज, रावी, चिनाब, झेलम, सगळ्या नद्यांतून लाकूड वाहू लागलं. आणि आता जो आकडा सांगतो तो रामचंद्र गुहांनी उत्तराखंडच्या जंगलांचा इतिहास लिहिताना दिलाय. १८६९ ते १८८५ या सोळा वर्षांत टिहरीच्या एकट्या यमुना खोऱ्यातून देवदारचे ६५ लाख सिलपाट गेले. मी मोबाईलवर हिशोब केला. मैलाला दोन हजार धरले तरी सव्वातीन हजार मैलांचा रूळ होतो. एका खोऱ्यातून.

देवदार तोडायला तयार व्हायला सव्वाशे-दीडशे वर्षं घेतो. त्याचा सिलपाट रुळाखाली बारा-चौदा वर्षं टिकायचा. मग तो काढायचा आणि दुसरा घालायचा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात सातशे वर्षांहून जुन्या देवदारचा आडवा काप ठेवलाय, वर्षाची रेघ न् रेघ दिसते. माणूस त्याच्यासमोर उभा राहून सेल्फी घेतो.

या सगळ्यात खोऱ्यातल्या माणसाचं काय झालं? जंगल राखीव झालं. गुरं चारायला परवाना, सरपणाला परवाना, घराच्या तुळईला परवाना. इंग्रजांकडून जंगल परत मिळालं तरी राजानं धडा इंग्रजांचाच गिरवला होता, कारण संस्थानाची मोठी कमाई आता झाडांची होती. त्याच यमुना खोऱ्यात, रवाईं परगण्यात, लोक संघटित झाले. ३० मे १९३० ला तिलाडीच्या मैदानात ते जमले असताना राजाच्या फौजेनं गोळ्या घातल्या. किती मेले? दरबाराचा आकडा वेगळा, लोकांचा वेगळा. झाडांचा हिशोब पाय-पैशापर्यंत मिळतो, माणसांचा नाही. तिकडे या घटनेला पहाडातलं जालियनवाला म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात मी हे नाव वाचल्याचं मला आठवत नाही, तुमच्यापैकी शिक्षक मंडळींनी सांगावं. त्रेचाळीस वर्षांनी, १९७३ ला, चिपको आलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण ते अचानक उगवलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, बरं, लाकूड समजलं, रानातल्या प्राण्यांना या झाडाचा काय उपयोग? प्रामाणिकपणे सांगायचं तर देवदार हे काही वडा-उंबरासारखं अन्नछत्र नाही. बांज म्हणजे तिकडचा ओक, तो जनावरांना जास्त खाऊ घालतो, पाला गुरांना, फळं अस्वलाला. देवदार देतो आसरा. थंडीत सगळीकडे बर्फ असताना त्याच्या दाट छत्राखाली बर्फ कमी साचतं, म्हणून वरची जनावरं खाली उतरून तिथं थांबतात. मोनाल हिवाळ्यात असाच जंगलात उतरतो. कोकलास नावाचा रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी पहाटे अशा झाडांतूनच ओरडतो. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराना, दुर्मिळात दुर्मिळ, तोही ओक-देवदार मिसळलेल्या रानातल्या झुडपांतच लपून जगतो. पोकळ बुंध्यात काळं अस्वल थंडी काढतं. बिया लहान पक्षी खातात, सुयांवरच्या अळ्या रामगंगे आणि त्यांची भावंडं टिपतात. आणि एक नवलाचा प्राणी आहे, लोकरी उडती खार. सत्तर वर्षं दिसलीच नाही म्हणून संपली असं समजत होते, १९९० च्या दशकात गिलगिटकडे पुन्हा सापडली. अलीकडे तिचा माग भागीरथीच्या खोऱ्यातही लागलाय. विल्सनच्याच खोऱ्यात.

तर फोटो त्याच खोऱ्यातला.

गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा शंभरेक किलोमीटरचा पट्टा केंद्र सरकारनं डिसेंबर २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, ४,१७९ चौरस किलोमीटर. २०१६ ला चारधाम रस्त्याचं काम जाहीर झालं. रस्ता किती रुंद करायचा यावर सर्वोच्च न्यायालयात मोठी खडाखडी झाली आणि डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं सीमेवर सैन्य नेण्याची गरज मान्य करून दोन पदरी रस्त्याला परवानगी दिली. ती गरज खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पलीकडे चीन आहे. पण हर्सिलच्या पुढे गंगोत्रीपर्यंत रस्त्याला लागून देवदारचं जे रान उरलंय, त्यातली सहा हजारांहून जास्त झाडं या रुंदीकरणात येतात. काही तोडायची, काही मुळासकट काढून दुसरीकडे लावायची असा बेत. शंभर-दीडशे वर्षांचा देवदार उचलून उतारावर दुसरीकडे लावणार! आपल्याकडे रुंदीकरणात उचलून लावलेल्या वडांचे सांगाडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी काही सांगायला नको. डिसेंबर २०२५ मध्ये तिथं लोक जमले आणि त्यांनी या झाडांना राख्या बांधल्या.

त्याआधी चार महिने, ५ ऑगस्ट २०२५ ला, हर्सिलच्या शेजारची धराली खीरगंगेच्या चिखल-दगडाखाली गेली. महाराष्ट्रातले शंभराहून जास्त भाविक त्या भागात अडकले होते, हेलिकॉप्टरनं आणावे लागले. त्या रात्री आपल्या ऑफिसचा फोन थांबत नव्हता. देवदार राहिले असते तर धराली वाचली असती, असं मी म्हणणार नाही. ओढ्याच्या तोंडावर, जुन्या लोटानं आणलेल्या गाळावर हॉटेलं बांधली होती, तिथं झाडं तरी काय करणार. पण रस्त्याच्या वरचा उतार मुळांनी धरून ठेवणं, वरून येणारा दगड आणि बर्फ अडवणं, हे काम ती करतात. ज्या खोऱ्यात हे घडलं तिथंच चार महिन्यांनी लोकांना राख्या घेऊन झाडांपाशी जावं लागतं, हे मला पटत नाही.

आणि जागेश्वर. ग्रुपवरच्या तिसऱ्या कॉमेंटसाठी. मार्च २०२४ मध्ये आरतोला ते जागेश्वर या तीन किलोमीटरच्या रुंदीकरणासाठी हजारेक देवदारांवर खुणा झाल्या. तीच तीन किलोमीटर, जिथं दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. तिथली माणसं, बाया-बापड्या, रस्त्यावर आली. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे दारुकावन आहे, इथली झाडं देवाची आहेत, आम्ही यांना हात लावत नाही, तुम्ही कसा लावता? मुख्यमंत्र्यांना पुन्हा सर्वेक्षण करायला सांगावं लागलं. खरं दारुकावन कुठलं हे त्यांनी आपल्याला विचारलं नाही, आणि झाडांवर खुणा करणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं. दादा, दावा आपलाच खरा धरू. नाव आपलं, झाडं त्यांची. मग आपल्या दारुकावनाचं नाव ज्या झाडात शिल्लक आहे ते झाड "तोडू द्या" म्हणायचा हक्क आपल्याला कुठून आला?

अक्षय तृतीयेला गंगोत्रीचे दरवाजे उघडतात. यंदा आपल्या गावातून दोन बस जाणार आहेत, एक बाजार समितीजवळून आणि एक जुन्या स्टँडवरून, दोन्ही भरल्यात असं ऐकलं. जाणाऱ्यांना एक विनंती. हर्सिल सोडल्यावर भैरोंघाटीपर्यंत खिडकीशी बसा. झाडावर आकडा दिसला तर गाडी हळू करायला सांगा, आकडा नीट दिसेल असा फोटो काढा, जागा लिहा आणि मला पाठवा. परत याल तेव्हाही त्याच जागी पुन्हा बघा. दोन्ही फोटो आपण इथंच शेजारी शेजारी टाकू.